पिळदार रेणूची करामत

१९९८ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठातून एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याचा तपशील स्वयंपाकाच्या कृतीइतका साधा आहे. ६०१ ग्रॅम ॲसिटोफिनोन, दीड लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ५.६ ग्रॅम पोटॅशियमयुक्त अल्कली आणि रुथेनियम धातूचे एक संयुग, फक्त २.२ मिलिग्रॅम. हे मिश्रण ३० अंश सेल्सिअसला ढवळत ठेवायचे आणि वर ४५ वातावरणांच्या दाबाने हायड्रोजन सोडायचा. ४८ तासांनी पाहिले तर ॲसिटोफिनोनचा मागमूस उरलेला नव्हता, सगळ्याचे अल्कोहोल झाले होते. चिमटीत धरता येणार नाही एवढ्याशा पुडीने अर्ध्या किलोहून अधिक माल बदलून टाकला. हिशोब केला तर त्या संयुगाच्या एकेका रेणूने सरासरी २४ लाख रेणूंचे काम केले. प्रक्रिया ऐन वेगात असताना तर सेकंदाला साठाहून जास्त.

उत्प्रेरक म्हणजे प्रक्रिया घडवून स्वतः शाबूत राहणारा पदार्थ, हे शाळेत आपण सगळेच शिकतो. इथे मात्र उत्प्रेरकाने आणखी एक काम केले. या प्रक्रियेतून तयार होणाऱ्या अल्कोहोलची दोन रूपे असतात, आरशातल्या बिंब-प्रतिबिंबासारखी. साध्या रीतीने बनवले तर ती निम्मीनिम्मी मिळतात. या प्रयोगात १०० पैकी ९० रेणू एकाच रूपाचे मिळाले. वेग थोडा कमी चालत असेल, तर त्याच कुळातले उत्प्रेरक ९९ पर्यंत जातात. हे सारे उभे करणाऱ्या प्राध्यापकाचे नाव ऱ्योजी नोयोरी. २००१ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी.

रेणूला डावे-उजवे असते ही गोष्ट १८४८ मध्ये लुई पाश्चरने दाखवून दिली. तेव्हा तो पंचविशीत होता. वाइनच्या पिंपांत साचणाऱ्या गाळात टार्टारिक आम्ल असते. आपल्या चिंचेची आंबट चवही त्याचीच. या आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक पाश्चरने भिंगाखाली धरले, तर ते दोन प्रकारचे दिसले. दोन्हींचे कोन सारखे, बाजू सारख्या, पण एक दुसऱ्यावर तंतोतंत बसेना, डावी चप्पल उजव्या पायात बसत नाही तसा. त्याने चिमट्याने दोन ढीग वेगळे केले. एका ढिगाचे द्रावण ध्रुवीकृत प्रकाशाला एका अंगाला वळवत होते, दुसऱ्याचे विरुद्ध अंगाला. कार्बनच्या अणूला चार वेगवेगळे गट जोडले की असे दोन प्रकार संभवतात, हे स्पष्टीकरण पुढे १८७४ मध्ये आले.

वजन, वितळणबिंदू, उत्कलनबिंदू यांत या जुळ्यांमध्ये काडीचाही फरक नसतो. फरक कळतो तो शरीराला, कारण शरीरातली प्रथिने स्वतःच एकाच हाताच्या, म्हणजे एकाच रूपाच्या, घटकांनी बनलेली असतात. कार्व्होन नावाचा एक रेणू घ्या. त्याचे एक रूप स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याला त्याचा वास देते, दुसरे बाळंतशेपांना. अणू तेच, त्यांची संख्या तीच, कोण कोणाला जोडलेले तेही तेच. तरी नाकाला चटणीचा पुदिना आणि बाळंतिणीच्या विड्यातली शोप यांत गफलत होत नाही.

औषधांच्या बाबतीत हा फरक चैनीचा राहत नाही. थॅलिडोमाइडची गोष्ट या संदर्भात हटकून सांगितली जाते. १९५७ पासून पश्चिम जर्मनीत विकले गेलेले हे झोपेचे औषध गरोदर स्त्रियांनी घेतले आणि जगभर दहा हजारांहून अधिक मुले व्यंग घेऊन जन्मली. एक हात औषधी, दुसरा घातक, असे त्याचे सोपे तात्पर्य पाठ्यपुस्तकांत येते. ते अपुरे आहे. थॅलिडोमाइडची दोन्ही रूपे शरीरात गेल्यावर एकमेकांत बदलत राहतात, म्हणजे फक्त 'चांगला' हात विकला असता तरी अनर्थ टळला नसता. पण सगळेच रेणू असे बदलत नाहीत, आणि जे बदलत नाहीत त्यांच्यासाठी एकच हात शुद्ध स्वरूपात हवा ही गरज खरी आहे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने धोरण जाहीर केले आणि नव्या औषधाच्या दोन्ही रूपांचा स्वतंत्र विचार करणे कंपन्यांना भाग पडले.

शुद्ध हात मिळवण्याची जुनी रीत पाश्चरचीच: मिश्रण बनवा आणि मग निवडा. यात शंभर किलो माल बनवला की पन्नास किलो टाकाऊ ठरतो. सजीवांना ही अडचण येत नाही. विकरे सुरुवातीपासून एकच हात घडवतात. रसायनशास्त्रज्ञाला तेच काम काचेच्या फ्लास्कमध्ये, धातूच्या साध्या संयुगाकडून करवून घेता येईल का? १९६० च्या दशकात हा प्रश्न गंभीरपणे विचारणारे फार थोडे होते.

नोयोरींचा जन्म ३ सप्टेंबर १९३८ चा, कोबे शहराजवळचा. वडील एका रासायनिक कंपनीत संशोधनाचे काम पाहत. मुलगा बारा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला नायलॉनवरच्या एका जाहीर व्याख्यानाला नेले. कोळसा, हवा आणि पाणी यांपासून धागा निघतो, हे ऐकून तो भारावला. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या, कच्च्या मालाची वानवा असलेल्या जपानमध्ये त्या वाक्याला काय वजन असेल! पुढे क्योटो विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्र घेतले आणि पदव्युत्तर शिक्षण संपताच १९६३ मध्ये प्राध्यापक हितोसी नोझाकी यांच्या गटात अध्यापनाची नोकरी धरली.

तिथेच १९६६ साली तो छोटासा प्रयोग झाला, ज्यावर नोयोरींचे पुढचे सारे आयुष्य उभे राहिले. तांब्याच्या अणूभोवती एका हाताचा सेंद्रिय रेणू गुंफून त्यांनी एक संयुग केले आणि त्याच्या मदतीने स्टायरिनपासून तीन कार्बनांचे कडे असलेले संयुग बनवले. दोन हातांतला फरक मिळाला १० टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे जास्तीत जास्त ५५ विरुद्ध ४५. व्यवहाराच्या दृष्टीने हा आकडा नापासाचा. एखाद्याने हे काम कपाटात टाकून दिले असते आणि त्याला कोणी बोल लावला नसता. माझ्या मते नोयोरींची खरी प्रतिभा इथे दिसते, पुढच्या ९९ टक्क्यांत नव्हे. फरक थोडा का होईना, पडतो आहे. आणि तो धातूमुळे पडत नसून धातूभोवतीच्या रेणूच्या आकारामुळे पडतो आहे, हे त्यांनी हेरले. आकार सुधारला तर आकडा सुधारेल. कल्पना एका ओळीची. ती कसाला लावायला मात्र पुढची चौदा वर्षे गेली.

त्या क्योटोच्या प्रयोगाचा माग दुसऱ्यांनीही घेतला. सुमितोमो कंपनीतले तादातोशी आरातानी यांनी तांब्याभोवतीची गुंफण बदलत बदलत तीच प्रक्रिया कारखान्यात नेली. तिच्यातून सिलास्टॅटिन बनवण्यासाठी लागणारा घटक मिळतो. इमिपेनेम हे प्रतिजैविक मूत्रपिंडात लवकर नष्ट होऊ नये म्हणून त्याच्या जोडीला सिलास्टॅटिन देतात. अतिदक्षता विभागात ज्यांचा रुग्ण असेल त्यांनी या जोडीचे नाव कदाचित बिलावर वाचलेही असेल.

१९६८ मध्ये नागोया विद्यापीठाने नोयोरींना बोलावले. वय अजून तिशीच्या आतच. पाठोपाठ ते हार्वर्डला इलायस कोरी यांच्याकडे गेले. तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या संयुगांच्या संश्लेषणाचे पर्व चालू होते, आणि एका दुहेरी बंधाला हायड्रोजन देऊन दुसऱ्याला हात न लावण्यासारख्या नाजूक कामांत हायड्रोजनचे महत्त्व त्यांच्या मनावर ठसले. हायड्रोजन स्वस्त, स्वच्छ आणि मागे कचरा न ठेवणारा. परत आल्यावर १९७२ मध्ये ते नागोयाला पूर्ण प्राध्यापक झाले.

दरम्यान अमेरिकेत मोन्सँटो कंपनीच्या विल्यम नोल्स यांनी १९६८ साली ऱ्होडियम धातूला एका हाताचे फॉस्फरस-संयुग जोडून हायड्रोजन चढवण्याची प्रक्रिया केली होती. तिथेही सुरुवातीचा फरक तोकडाच होता. पण कंपनीने नेटाने ती रीत सुधारली आणि १९७४ पर्यंत कंपवातावरचे एल-डोपा हे औषध त्या वाटेने बनू लागले. (एल-डोपा निसर्गात खाजकुयलीच्या बियांत भरपूर असते. त्या शेंगेला चुकून हात लागलेल्या कोकणातल्या पोरांना तिची ही दुसरी बाजू क्वचितच ठाऊक असेल.) नोल्स यांची रीत एका विशिष्ट जातीच्या रेणूंपुरती उत्तम होती. नोयोरींना व्यापक काही हवे होते.

१९७४ मध्ये त्यांनी हिदेमासा ताकाया या सहकाऱ्याबरोबर एका नव्या रेणूचा आराखडा केला. ताकाया क्योटोपासूनचे, १९६६ च्या शोधनिबंधावरही त्यांचे नाव होते. या रेणूला पुढे बायनॅप म्हणू लागले, आणि तो थोडा निरखून पाहण्यासारखा आहे.

कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्या नॅफ्थलिनच्या असतात. नॅफ्थलिनचा रेणू म्हणजे षटकोनी कड्यांची जोडी, सपाट. असे दोन सपाट रेणू एकाच बंधाने जोडले आणि त्या जोडाच्या लगत दोन्हींवर एकेक भरीव गट बसवला, की दोन्ही पत्रे एका पातळीत राहूच शकत नाहीत. गट एकमेकांवर आदळतात, आणि पत्रे पिळून एकमेकांशी कोन करून उभे राहतात. हा पीळ डावीकडे असेल किंवा उजवीकडे. मधला बंध फिरवून डाव्याचा उजवा करता येत नाही, कारण फिरवताना पुन्हा तीच टक्कर होते. म्हणजे चार वेगवेगळे गट धारण करणारा एकही कार्बन नसताना रेणूला हात मिळाला, निव्वळ पिळामुळे. बायनॅपमध्ये ते भरीव गट फॉस्फरसचे असतात आणि प्रत्येक फॉस्फरसला आणखी दोन बेंझिन-कडी लटकलेली असतात. दोन्ही फॉस्फरस मिळून धातूच्या अणूला दोन बाजूंनी धरतात. पत्र्यांचा पीळ त्या चार कड्यांपर्यंत पोहोचतो: दोन कडी पुढे सरसावतात, दोन मागे हटतात. धातूभोवतीच्या जागेचे चार चौक पडतात, दोन अडलेले, दोन मोकळे, आणि तेही तिरपे समोरासमोर. बाहेरून येणाऱ्या रेणूला मोकळ्या चौकांतच शिरावे लागते, त्यामुळे त्याची एकच बाजू धातूकडे होते. हायड्रोजन त्या बाजूने चढला की हात ठरला.

कागदावर हे देखणे दिसते, आणि नोयोरींना त्याच्या देखणेपणाचे आकर्षण होतेच. प्रत्यक्षात बायनॅपने दोघांचा अंत पाहिला. दोन वर्षांनी एका हाताचे बायनॅप कसेबसे हाती आले, पण ती कृती पुन्हा केली की जमेना, कारण वाटेत पीळ सुटून डावे-उजवे मिसळून जात. १९७८ मध्ये मार्ग सापडला. मिश्र बायनॅप आधी बनवायचे आणि मग पॅलेडियमच्या एका संयुगाच्या मदतीने दोन हात वेगळे काढायचे. म्हणजे निवड करण्याची जुनी रीत टाळण्यासाठी जो रेणू हवा होता, तो मिळवायला पाश्चरचाच रस्ता धरावा लागला! फरक इतकाच, की इथे निवड एकदाच करायची आणि निवडलेल्या एका रेणूकडून लाखो रेणू घडवून घ्यायचे. तरीही ऱ्होडियमबरोबर हवा तसा परिणाम यायला आणखी दोन वर्षे गेली. १९८० मध्ये निबंध छापून आला. काही अमिनो आम्लांच्या बाबतीत हाताची शुद्धता जवळजवळ १०० टक्के होती. या सहा वर्षांतली चिकाटी मुख्यतः ताकायांची, हे नोयोरींनी नोबेल व्याख्यानात स्वच्छ सांगितले आहे. ताकाया ते ऐकायला नव्हते. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

बायनॅप प्रयोगशाळेतून बाहेर पडले ते पुदिन्याच्या वाटेने.

मेंथॉल मराठी घरांत जुने आहे. काष्ठौषधींच्या दुकानात त्याला पेपरमिंटचे फूल किंवा पुदिन्याचे फूल म्हणतात. ते, ओव्याचे फूल आणि कापूर असे तीन कोरडे पदार्थ एका बाटलीत घातले की थोड्या वेळात आपोआप पाणी होते आणि अमृतधारा तयार होते. मुंबईत १८९३ साली सुरू झालेल्या अमृतांजनातही मेंथॉल असते. मेंथॉल त्वचा थंड करत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकावर एक प्रथिन असते, मेंथॉल ते उघडते आणि मेंदूची समजूत होते की गार लागले.

मेंथॉलच्या रेणूत हात ठरवणारे तीन कार्बन असतात. प्रत्येकाला दोन पर्याय, म्हणून एकूण आठ रूपे. त्यांतले एकच पुदिन्यात मुख्यत्वे सापडते आणि गारवाही त्याचाच खरा. रसायनशाळेत मेंथॉल बनवायचे तर आठांतून ते एक साधले पाहिजे. ओसाका विद्यापीठाचे सेई ओत्सुका आणि काझुहिदे तानी, ताकासागो या सुगंधी द्रव्यांच्या कंपनीचे सुसुमू आकुतागावा, आणि नोयोरी-ताकाया अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांनी मिळून ते साधले.

त्यांनी सुरुवात केली पाइन वृक्षाच्या चिकापासून. त्यातून टर्पेंटाइन निघते, टर्पेंटाइनमधल्या पिनीनला तापवले की मिरसीन होते. मिरसीनला डायएथिलअमिन जोडले की दुहेरी बंध असलेले एक अमिन मिळते. आता बायनॅप आणि ऱ्होडियम यांचे संयुग पुढे येते. ते या अमिनमधला दुहेरी बंध एक घर सरकवते. काही जोडत नाही, काही काढत नाही. पण बंध सरकताना एका कार्बनवर हायड्रोजन येऊन बसतो, आणि तो कोणत्या बाजूने बसायचा हे बायनॅपचा पीळ ठरवतो. पुढे पाण्याने अमिन सोडवले की सिट्रोनेलाल मिळते. सिट्रोनेला गवतातून येणाऱ्या नैसर्गिक सिट्रोनेलालमध्ये एका हाताचे आधिक्य ८० टक्क्यांच्या आसपास असते. कारखान्यातल्यात ते ९६ ते ९९ टक्के आले. निसर्गाची बरोबरी करता आली तरी पुष्कळ, असे मानणाऱ्या या शास्त्रात कारखान्याने निसर्गाला मागे टाकले.

उरलेले दोन कार्बन? त्यांच्यासाठी वेगळा उत्प्रेरक लागत नाही. जस्ताच्या क्षाराने सिट्रोनेलालचे कडे मिटवले की नवे गट आपण होऊन ऐसपैस जागा पकडतात, आणि ऐसपैस जागा कोणत्या, हे पहिल्या कार्बनने आधीच ठरवून ठेवलेले असते. एक हात नेमका बसला की बाकीचे दोन मागोमाग येतात. शेवटी निकेलवर हायड्रोजन चढवला की मेंथॉल. १९८३ मध्ये ताकासागोने या पद्धतीने उत्पादन सुरू केले आणि ते वर्षाला हजार टनांच्या घरात गेले. ऱ्होडियम महागडा धातू, पण पुन्हा पुन्हा वापरून त्याच्या एकेका अणूकडून लाखो रेणू घडवून घेतात, त्यामुळे किमतीचा भार जाणवत नाही.

यातला एक योगायोग भारतीय वाचकाला गमतीचा वाटावा. दुसऱ्या महायुद्धाआधी होक्काइडो बेटावरचे कितामी हे पुदिन्याच्या तेलाचे जगातले मोठे केंद्र होते. तीच जात, जपानी पुदिना, १९५० च्या दशकात भारतात आणून लावली गेली. आज नैसर्गिक मेंथॉलमध्ये भारत जगात पहिला आहे, उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या आसपास मैलोगणती पुदिना उभा असतो, आणि त्याच्या तेलाचे वायदे मुंबईच्या एमसीएक्स बाजारात होतात. जपानने पीक आपल्याकडे पाठवले आणि स्वतः कारखाना काढला. २०१२ पासून जर्मनीची बीएएसएफ कंपनीही दुसऱ्या एका हस्त-निवडक उत्प्रेरकाने मेंथॉल बनवते आहे. बाराबंकीच्या शेतकऱ्याच्या तेलाचा भाव आता पावसाबरोबर या कारखान्यांच्या उत्पादनावरही हलतो. विज्ञानाच्या कौतुकात ही बाजू सहसा कोणी सांगत नाही, म्हणून इथे नोंदवली.

नोयोरींचे लक्ष एव्हाना ऱ्होडियमवरून रुथेनियमकडे वळले होते. १९८६ च्या सुमारास बायनॅप-रुथेनियमची जोडी जमली आणि ऱ्होडियमला न जुमानणारे कितीतरी रेणू आवाक्यात आले. कार्बापेनेम जातीच्या प्रतिजैविकांचे घटक तिच्यामुळे ताकासागोत बनू लागले. लेव्होफ्लॉक्सासिनसाठी लागणारा एक घटकही तसाच. पण एक अडचण होती. या उत्प्रेरकाला पकड घ्यायला रेणूत कार्बोनिल गटाच्या, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाच्या, शेजारी ऑक्सिजन किंवा नायट्रोजनची एखादी खुंटी लागे. ॲसिटोफिनोनसारख्या साध्या, खुंटी नसलेल्या रेणूपुढे तो हतबल होता.

१९९५ मध्ये ताकेशी ओकुमा यांच्याबरोबरच्या कामात ती अडचण सुटली. बायनॅप-रुथेनियमला त्यांनी दोन नायट्रोजन असलेला आणखी एक रेणू जोडला आणि वेग भलताच वाढला. त्याच वर्षी ताकाओ इकारिया यांच्याबरोबर त्यांनी हायड्रोजन वायूऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलमधून हायड्रोजन उसना घेणारा दुसरा उत्प्रेरकही दाखवला. दोन्हींचे मर्म एकच निघाले. तोवर असे मानत की बदलायचा रेणू आधी धातूला चिकटला पाहिजे. इथे तो चिकटतच नाही. धातूवर एक हायड्रोजन असतो, शेजारच्या नायट्रोजनवर दुसरा. रेणू जवळ येतो, दोघांकडून एकाच वेळी दोन हायड्रोजन घेतो आणि निघून जातो. चिकटणे नाही, सुटण्यासाठी थांबणे नाही. सुरुवातीला सांगितलेल्या प्रयोगातला सेकंदाला साठ रेणूंचा सपाटा यातून आला. सर्वांनी गृहीत धरलेली पायरी मोडीत काढणारे हे काम मला बायनॅपपेक्षाही मोठे वाटते, जरी प्रसिद्धी बायनॅपला अधिक मिळाली.

त्याच काळात त्यांचे लक्ष कचऱ्याकडेही गेले. १९९४ मध्ये इकारिया आणि फिलिप जेसप यांच्यासह त्यांनी कार्बन डायऑक्साइडला अतिदाबाखाली एकाच वेळी द्रावक आणि कच्चा माल करून त्यापासून फॉर्मिक आम्ल बनवले. १९९८ मध्ये सायक्लोहेक्झिनवर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून ॲडिपिक आम्ल तयार केले. नायलॉनचा हा मुख्य घटक. कारखान्यांत तो नायट्रिक आम्लाने बनवतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हवामान तापवणारा वायू सुटतो. पेरॉक्साइडच्या रीतीत मागे उरते ते पाणी. बारा वर्षांच्या मुलाने ऐकलेल्या नायलॉनच्या कथेत, कोळसा-हवा-पाण्याच्या जोडीला बाहेर काय पडते, हा हिशोब नव्हता. साठीला आलेल्या प्राध्यापकाने तो मांडला. पेरॉक्साइड महाग असल्याने ती रीत नायट्रिक आम्लाला हटवू शकली नाही, हेही खरे.

२००१ च्या पारितोषिकाचा अर्धा वाटा नोल्स आणि नोयोरी यांना हायड्रोजनच्या कामासाठी विभागून मिळाला, उरलेला अर्धा ऑक्सिजन जोडण्याच्या कामासाठी बॅरी शार्पलेस यांना. त्यानंतर २००३ पासून २०१५ पर्यंत नोयोरी रिकेन या जपानच्या सर्वांत मोठ्या संशोधन संस्थेचे अध्यक्ष होते. २०१४ मध्ये तिथल्या मूलपेशींच्या एका शोधात गैरप्रकार उघड झाला, तेव्हा संस्थेच्या वतीने जाहीर दिलगिरी व्यक्त करणेही त्यांच्याच वाट्याला आले.

आपल्या बारावीच्या रसायनशास्त्रात डाव्या-उजव्या रेणूंचा भाग येतो, आणि बहुतेक मुले तो चार व्याख्या नि दोन आकृत्या पाठ करून मागे टाकतात. शिक्षकांनी त्यांना घरातल्या औषधांच्या पट्ट्या आणायला सांगावे. लेव्होसेट्रिझिन, लेव्होफ्लॉक्सासिन, एसोमेप्रॅझोल, पुण्याच्या एमक्युअरचे एस-अम्लोडिपिन. या नावांतला 'लेव्हो' किंवा 'एस' म्हणजे दोन हातांपैकी एकच निवडल्याची खूण आहे. काही निवडून वेगळे काढलेले असतात, काही सुरुवातीपासून एकाच हाताने घडवलेले. ज्यांना त्यापुढे जायचे असेल त्यांनी नोयोरींनी ८ डिसेंबर २००१ रोजी स्टॉकहोममध्ये दिलेले व्याख्यान वाचावे. नोबेल प्रतिष्ठानने ते सर्वांसाठी खुले ठेवले आहे, आणि बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंतचे रसायनशास्त्र पक्के असेल तर ते कळते.